तलवारीवरचं एन्चांटमेंट : माइनक्राफ्टमधला हिशेब

(पुसद तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात उन्हाळी सुट्टीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, समोर बसलेले बहुतेक पोट्टे माइनक्राफ्ट मोबाईलवर खेळतात, म्हणजे बेडरॉक आवृत्ती. कॉम्प्युटरवाल्यांकडे जावा आवृत्तीही असते. फळ्यावर मांडणार ते आकडे जावाचे आहेत; बेडरॉकमध्ये मोठा फरक असेल तिथे थांबून सांगतो. मागे बसलेल्या पालकांसाठी एवढंच, की या खेळात स्वतः खणायचं, स्वतः घडवायचं आणि रात्री निघणाऱ्या झोंबी-सांगाड्यांपासून जीव वाचवायचा. हत्यारात जी जास्तीची ताकद भरतात ती एन्चांटमेंट. २०११ च्या नोव्हेंबरात १.० आवृत्ती आली, तेव्हापासून ती खेळात आहे.

पोरं म्हणतात, चांगलं एन्चांट नशिबानं लागतं. नशीब टेबलापुरतं. बहुतेकांची तलवार फसते ती पुढे, ऐरणीवर, म्हणजे अ‍ॅन्व्हिलवर, आणि तिथला खर्च सगळा आधी मांडता येतो.

आधी टेबल, ज्यावर एन्चांट चढवतात ते. ४ ऑब्सिडियन, २ डायमंड, १ पुस्तक. ऑब्सिडियन डायमंडच्या किंवा नेदराइटच्या कुदळीनंच निघतो, इतर कुदळीनं फोडला तर हाती काही लागत नाही. टेबलाची पूर्ण ताकद मिळायला भोवती १५ बुकशेल्फ लागतात. एका शेल्फला ६ फळ्या आणि ३ पुस्तकं, एका पुस्तकाला ३ कागद आणि १ कातडं; कागद उसाचा होतो. म्हणजे १५ शेल्फना ९० फळ्या, ४५ कातडी आणि १३५ ऊस. आपला भाग कापूस-तुरीचा, पण इथे ऊस लावल्याशिवाय गत्यंतर नाही. तो ज्या ब्लॉकवर लावाल त्याला पाणी लागून हवं. खरी अडचण कातड्याची. एका गाईमागे शून्य ते दोन, सरासरी एकच पडतं. म्हणून आधी गोठा वाढवा : दोन गाईंना गहू चारला की वासरू होतं.

शेल्फ टेबलाला चिकटवून ठेवू नका. मध्ये एक ब्लॉक रिकामी जागा, त्यापलीकडे शेल्फ. टेबलाच्या उंचीला किंवा एक ब्लॉक वर. त्या रिकाम्या जागेत टॉर्च लावला, गालिचा अंथरला, तरी त्यामागचं शेल्फ बाद होतं. “१५ लावले, तरी ३० लेव्हलची ओळ येत नाही, काहून?” असं विचारणाऱ्याच्या घरात बहुधा हाच टॉर्च सापडतो. शेल्फमधून टेबलाकडे अक्षरं उडत येताना दिसली, की ते शेल्फ मोजलं जातंय. टेबलाच्या यादीतली ती अगम्य अक्षरं मात्र वाचत बसू नका, ती नुसती शोभेची आहेत.

टेबलात तीन ओळी दिसतात. सगळ्यांत खालची ३० लेव्हलची घ्यायची. त्यासाठी ३० लेव्हल (एक्सपी, म्हणजे खेळातला अनुभव, साठवून चढायच्या पायऱ्या) हाताशी लागतात, पण कापल्या जातात फक्त ३, आणि ३ लॅपिस (निळे खडे). पूर्वी तीसच्या तीस जायच्या. २०१४ च्या १.८ आवृत्तीत हे बदललं, तरी जुनं ऐकलेले लोक अजून घाबरून वरच्या स्वस्त ओळी घेतात. शून्यापासून ३० गाठायला १३९५ एक्सपी लागतात, २७ वरून परत ३० ला यायला ३०६. दिसणारी ओळ आवडली नाही म्हणून तलवार काढून पुन्हा ठेवली, तर यादी तीच येते. एखाद्या लाकडी हत्यारावर १ लेव्हल आणि १ लॅपिस खर्चून स्वस्त एन्चांट करा, मग यादी बदलते.

आता धातू. प्रत्येक धातूची एन्चांट घेण्याची कुवत ठरलेली आहे : सोनं २२, नेदराइट १५, लोखंड १४, डायमंड १०, दगड ५. सोन्याची कुवत सर्वांत जास्त, पण सोन्याची तलवार ३२ घावांत मोडते. डायमंडची कुवत कमी म्हणून तिच्यावर टेबलातून शार्पनेस ५ (घाव वाढवणाऱ्या एन्चांटची पाचवी पायरी) थेट कधीच येत नाही. शार्पनेस ४ च्या दोन जोडून ५ करावा लागतो, किंवा एन्चांट भरलेल्या पुस्तकातून चढवावा लागतो.

त्या एका पायरीसाठी एवढा खटाटोप कशाला? नुसत्या डायमंड तलवारीचा घाव ७ चा. शार्पनेस १ ने १ वाढतो, पुढे दर पायरीला अर्धा. सांगाड्याचा जीव २० चा. शार्पनेस ४ ला घाव साडेनऊचा, दोन घावांत १९. सांगाडा उभाच, तिसरा घाव लागला. शार्पनेस ५ ला घाव १० चा, दोन घावांत खेळ खलास. म्हणजे सांगाड्यापुढे १ ते ४ या पायऱ्यांनी घावांची संख्या बदलतच नाही. क्रीपर या जवळ येऊन फुटणाऱ्या शत्रूचंही असंच, आणि त्याच्यापुढे तिसरा घाव म्हणजे तो फुटायला जास्तीची सवड. झोंबीला मूळचंच थोडं चिलखत असतं, म्हणून त्याच्यापुढे हा १० चा घाव किंचित कमी पडतो. दोन घावांपैकी एक उडी मारून खाली येताना घाला. जावात घावानंतर पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर थांबावं लागतं. घाईनं क्लिक केलं तर घावही कमी आणि शार्पनेसही कमी. बेडरॉकमध्ये थांबावं लागत नाही आणि शार्पनेस दर पायरीला सव्वा वाढवतो, म्हणून तिथे पहिल्या पायऱ्याही कामाच्या.

स्माईट फक्त मेलेल्या जिवांवर चालतो : झोंबी, सांगाडे, विदर. दर पायरीला अडीच, पाचव्या पायरीला साडेबारा. नेदराइट तलवारीचे ८ आणि हे साडेबारा, साडेवीस. सांगाडा एका घावात. डायमंडवर साडेएकोणीस होतात, अर्ध्यानं हुकतं! क्रीपरवर मात्र स्माईटचा उपयोग शून्य. शार्पनेस, स्माईट आणि किड्या-कोळ्यांसाठीचा बेन, तिघांपैकी एकच तलवारीवर बसतो. एकच तलवार बाळगणार असाल तर शार्पनेस.

बाकीच्यांत लूटिंग ३ घ्याच : एंडरमॅनकडून एरवी जास्तीत जास्त १ मोती मिळतो, त्यानं ४ पर्यंत मिळतात. अनब्रेकिंग ३ नं तलवार सरासरी चौपट टिकते. नॉकबॅक मला पटत नाही. शत्रू दूर ढकलला जातो आणि पुढचा घाव हुकतो.

आता अ‍ॅन्व्हिल. ३१ लोखंडी विटांचा हा ऐवज दर वापराला १२ टक्के शक्यतेनं झिजतो. ते सोडा. एखादी वस्तू अ‍ॅन्व्हिलवरून एकदा गेली, की तिच्या पुढच्या कामाला जादा लेव्हलचा आकार लागतो : १, मग ३, ७, १५, ३१, ६३. सावकाराच्या व्याजासारखा. सर्व्हायव्हलमध्ये (जीव वाचवायच्या नेहमीच्या खेळात) एका कामाला ३९ लेव्हल ही मर्यादा. ४० झाले की ‘टू एक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे काम होतच नाही. सात पुस्तकं तलवारीवर एकामागून एक चढवली, तर सातव्याला नुसता आकारच ६३ होतो. तलवार तिथेच अडते. डायमंड टाकून दुरुस्ती केली तरी ती मोजली जाते.

उपाय : पुस्तकं आधी आपसांत जोडा. अ‍ॅन्व्हिल न पाहिलेली पुस्तकं धरू. तलवारीवर लूटिंग ३, खर्च ६. शार्पनेस ५ वर मेंडिंग (एक्सपीनं दुरुस्ती करणारं), २. स्वीपिंग एज ३ (आजूबाजूच्या शत्रूंनाही घाव लावणारं) वर अनब्रेकिंग ३, खर्च ३. फायर अस्पेक्ट २ (शत्रूला पेटवणारं) वर नॉकबॅक २ (मला पटत नाही, पण सातांचा हिशेब पुरा व्हावा म्हणून), खर्च २. दुसऱ्या फेरीत तलवारीवर शार्पनेस-मेंडिंगचं पुस्तक, ९; उरलेली दोन पुस्तकं एकमेकांवर, ८. शेवटी ते मोठं पुस्तक तलवारीवर, २१. एकूण ५१ लेव्हल, पण एकही काम मर्यादेजवळ जात नाही. बेडरॉकमध्ये स्वीपिंग एज नाही, तेवढं एक पुस्तक कमी.

या ५१ लेव्हल साठवून मग कामाला लागू नका. लेव्हल वरून कापल्या जातात आणि वरच्या लेव्हल महाग असतात. ६ लेव्हलचं काम ६ वर असताना केलं तर ७२ एक्सपी जातात. तेच ३० वर असताना केलं तर ५६७.

मेंडिंग टेबलातून मिळत नाही. खेळातल्या गावातल्या बेकार माणसापुढे लेक्टर्न (पुस्तक ठेवायचं उभं टेबल) ठेवा, तो लायब्रेरियन, म्हणजे पुस्तकं विकणारा, होतो. लेक्टर्नला ४ स्लॅब आणि १ बुकशेल्फ. त्याच्याकडे मेंडिंग नसेल तर लेक्टर्न फोडून पुन्हा ठेवा, माल बदलतो. मात्र एकदाही व्यवहार केलात की तो माल कायमचा. हिरव्या अंगरख्याचा माणूस कामाला लागतच नाही, त्याच्या मागे वेळ घालवू नका. मेंडिंगचं पुस्तक १० ते ३८ पाचूंना पडतं, वर एक कोरं पुस्तक द्यावं लागतं. तलवार हातात धरून एक्सपी गोळा केला, की दर एक्सपीला २ टिकाऊपण भरून येतं. मग दुरुस्तीसाठी अ‍ॅन्व्हिलचं तोंड बघावं लागत नाही.

धनुष्याचं थोडक्यात. पॉवर ५ नं बाण अडीचपट लागतो. इन्फिनिटी (बाण संपू न देणारं) आणि मेंडिंग एकत्र बसत नाहीत; बाण मुबलक असतील तर मेंडिंग. त्रिशूळावर रिपटाइड घेतला तर लॉयल्टी (फेकलेला त्रिशूळ परत आणणारी) आणि चॅनलिंग (वीज पाडणारं) दोन्ही गेले, आणि रिपटाइड तुम्हाला पाण्यात किंवा पावसातच उडवतो. वाळवंटात तर या खेळात पाऊस पडतच नाही. २०२४ मध्ये आलेल्या मेसवर, म्हणजे गदेवर, डेन्सिटी, ब्रीच, स्माईट आणि बेन यांतलं एकच घेता येतं.

एकानं विचारलं, आधीच ‘टू एक्स्पेन्सिव्ह’ झालेल्या तलवारीचं काय? ग्राइंडस्टोनवर घासा. एन्चांट जातात, थोडा एक्सपी परत मिळतो आणि चढलेला आकारही शून्यावर येतो. निघत नाहीत ते फक्त शाप. व्हॅनिशिंगचा शाप असलेली तलवार तुम्ही मेलात की नाहीशी होते, म्हणून सापडलेल्या तलवारीवर पुस्तकं चढवण्याआधी नावाखाली लाल ओळ आहे का ते बघून घ्या.