पाण्यावरची सीमा आणि माहितीचा पहारा

श्रोतेहो, नमस्कार.

सीमा म्हटली की काटेरी तार आणि बंदूकधारी जवान डोळ्यांपुढे येतो. आपल्या गोव्याची पश्चिम सीमा मात्र नुसतं पाणी. मालीम जेटीवरून निघालेला ट्रॉलर काळोखात कुठवर गेला, हे काठावर उभं राहून कळायचं नाही. म्हणून तिथला पहारा आता बराचसा माहितीच्या प्रचंड साठ्यावर, ज्याला बिग डेटा म्हणतात त्यावर, चालतो.

आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या 300 टन आणि त्यावरच्या जहाजांना एआयएस हे आपोआप ओळख सांगणारं यंत्र सक्तीचं आहे. मुरगावकडे येणारं जहाज आपला नऊ आकडी क्रमांक, ठिकाण, वेग, दिशा दर काही सेकंदांनी सांगत असतं. त्यात किनाऱ्यावरच्या रडारांची भर. हे सगळं 2014 पासून दिल्लीजवळच्या गुरुग्राममधल्या नौदलाच्या माहिती केंद्रात जमा होतं. म्हणजे समुद्राचा हिशोब समुद्रापासून शेकडो कोस दूर! एवढे ठिपके माणसाच्या नजरेत मावत नाहीत. संगणक जहाजांच्या रोजच्या वाटा शिकतो आणि वाट सोडणाऱ्याकडे बोट दाखवतो. मध्येच विनाकारण थांबलेलं जहाज, रात्री एकमेकांना चिकटलेल्या दोन बोटी, अचानक बंद पडलेलं यंत्र.

पण 2008 मध्ये मुंबईवर हल्ला करणारे आले ते ‘कुबेर’ या पळवलेल्या मासेमारी ट्रॉलरवरून. धोका मोठ्या जहाजापेक्षा छोट्या बोटीत लपतो, आणि नेमकी तीच गप्प असते. म्हणून 2024 मध्ये एक लाख मासेमारी बोटींवर इस्रोने घडवलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीचं ठिकाण कळवणारी यंत्रं, बसवायची योजना सुरू झाली.

आता तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या म्होरक्याच्या, बाजूने बघा. बांगडा कुठे लागला हे तो सख्ख्या भावाला सांगत नाही, सरकारला कशाला सांगेल? माझ्या मते त्याची शंका रास्त आहे. ही माहिती कोण बघणार, किती दिवस ठेवणार, हे त्याला आधी स्पष्ट सांगायला हवं. त्याचं ज्ञानही संगणकाला हवंच आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. बंदी उठली की ट्रॉलरांची झुंबड. तारल्यांचा थवा दिसला की बोटी एका जागी गोळा होतात. हे ठाऊक नसलेला संगणक उगाच बोंब मारेल.

तांडेलाला पटेल ती गोष्ट वेगळीच: हे ट्रान्सपाँडर यंत्र दोन्ही बाजूंनी बोलतं. वादळाचा इशारा येतो, संकटात हाक देता येते. या कारणासाठी तो ते चालू ठेवील.

आणि काठावरच्यांनो, अनोळखी बोट दिसली तर सागरी पोलिसांचा क्रमांक 1093, तटरक्षक दलाचा 1554. नमस्कार.