सर्पेन्स: तारकासमूहाचं नाव लाभलेलं मालवाहू जहाज

लॉस एंजेलिसमधलं विल्मिंग्टन. 10 मार्च 1943 रोजी इथल्या कॅलिफोर्निया शिपबिल्डिंगच्या आवारात एका मालवाहू जहाजाच्या बांधणीला सुरुवात झाली, आणि 5 एप्रिलला ते पाण्यात उतरलंसुद्धा. महिनाही लागला नाही!

दुसरं महायुद्ध चालू होतं आणि अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या जहाजांमागून जहाजं बुडवत होत्या. बुडतात त्यापेक्षा जास्त वेगाने नवी बांधायची, हा अमेरिकेने काढलेला तोडगा. एकाच आराखड्यावरून, सुटे भाग आधी तयार करून, ते वेल्डिंगने जोडत 2700 हून अधिक 'लिबर्टी' जहाजं बांधली गेली. लांबी 441 फूट, पाच होल्ड, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, वाफेचं जुन्या धाटणीचं इंजिन, आणि वेग ताशी जेमतेम 11 सागरी मैल. दिसायला अगदीच साधी. पण सैन्याचं पोट याच जहाजांवर चालत होतं.

एवढ्या जहाजांना नावं शोधणं हेही कामच होतं. बहुतेकांना दिवंगत अमेरिकन माणसांची नावं दिली गेली. आपल्या जहाजाला मिळालं बेंजामिन कार्डोझो यांचं नाव. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे हे न्यायमूर्ती 1938 मध्ये वारले होते. पण 19 एप्रिलला नौदलाने जहाज ताब्यात घेतलं आणि न्यायमूर्तींचं नाव गेलं. नौदल आपल्या मालवाहू जहाजांना तारे आणि तारकासमूहांची नावं देत असे. त्यामुळे हे झालं 'सर्पेन्स', म्हणजे भुजंगधारीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आकाशातला सर्प. याच वर्गातल्या दुसऱ्या एका जहाजाचं नाव होतं 'कॅसिओपिया', आपली शर्मिष्ठा.

28 मे रोजी सर्पेन्स सेवेत दाखल झालं. जहाज नौदलाचं, पण त्यावरचे खलाशी अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे. जूनअखेरीस ते पॅसिफिकमध्ये निघालं, तेव्हा त्याच वर्गातली 'अल्युड्रा' आणि 'डायमॉस' ही दोन जहाजं सॉलोमन बेटांजवळ जपानी पाणबुडीने नुकतीच बुडवली होती. सर्पेन्सही तिकडेच चाललं होतं.

पुढचं दीड वर्ष एका बेटावरून दुसऱ्या बेटावर माल पोचवण्यात गेलं. वर्तमानपत्रात छापून येईल असं त्यात काही नव्हतं, म्हणूनच मला ते मोलाचं वाटतं. आघाडीवरच्या सैनिकाच्या हातात काडतूस आणि ताटात जेवण पडलं, ते असल्या खेपांमुळे. 1944 च्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये जहाजाची दुरुस्ती झाली आणि तीन होल्ड दारूगोळ्यासाठी तयार करण्यात आले.

29 जानेवारी 1945. सर्पेन्स सॉलोमन बेटांपैकी ग्वाडालकॅनालच्या लुंगा किनाऱ्यासमोर नांगरून उभं होतं. कप्तान पेरी स्टिन्सन आणि आणखी सात जण किनाऱ्यावर गेले होते. जहाजावर डेप्थ चार्ज भरले जात होते. डेप्थ चार्ज म्हणजे पाणबुडीवर टाकायचे, स्फोटकांनी ठासलेले पोलादी पिंप. खलाशांच्या जोडीला लष्कराच्या गोदी तुकडीतले 57 जण राबत होते. रात्री स्फोट झाला. पाण्यावर दिसत राहिली ती फक्त जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक; थोड्या वेळात तीही बुडाली. नाळेतल्या सामानाच्या खोलीत असलेले दोन खलाशी तेवढे वाचले. सुमारे 250 माणसं एका क्षणात गेली. किनाऱ्यावरचा एक सैनिकही उडून आलेल्या तुकड्यांनी मरण पावला.

दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट म्हणजे काय, हे मुंबईला वेगळं सांगायला नको. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' फुटलं, तेव्हा शहराने ते सोसलं होतं.

सर्पेन्सवर शत्रूने हल्ला केला, असाच सुरुवातीला समज होता. चौकशीत नेमकं कारण हाती लागलं नाही, कारण पुरावाच उरला नव्हता. 1949 मध्ये नौदलाने निष्कर्ष काढला: शत्रूचा हात नाही, हा माल भरतानाचा अपघात. अमेरिकन तटरक्षक दलाच्या इतिहासात एका घटनेत इतकी माणसं ना त्याआधी गेली होती, ना त्यानंतर गेली.

मृतांना आधी ग्वाडालकॅनालवरच पुरलं होतं. कोणाचे अवशेष कोणते, हे ओळखणं अशक्य होतं. 15 जून 1949 रोजी ते 52 शवपेट्यांमधून वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत आणले गेले आणि 28 कबरींमध्ये एकत्रच पुरले गेले. पुढच्या वर्षी 16 नोव्हेंबरला तिथे अष्टकोनी स्मारक उभं राहिलं. गोदी कामगार आणि खलाशी, दोघांचीही नावं त्यावर कोरलेली आहेत.