जॉनी टिल्मन यांनी काय मागितलं होतं

(वाफेचा आवाज. लाँड्रीतली इस्त्रीची टेबलं.)

अमेरिकेत, लॉस एंजेलिसमधल्या एका लाँड्रीत जॉनी टिल्मन या कृष्णवर्णीय बाई शर्टांना इस्त्री करायच्या. जन्म 1926चा, आर्कान्सातला. घरची शेती बटाईची, त्यामुळे कापूस वेचणं लहानपणापासूनच. पदरात सहा मुलं, शिवाय लाँड्रीतल्या युनियनचं काम. 1963 मध्ये आजारी पडून त्या इस्पितळात गेल्या. तिथे कळलं, वयात आलेली लेक शाळा बुडवतेय. सरकारी मदत घ्या आणि घरी राहून मुलांकडे बघा, असं त्यांना सुचवण्यात आलं. टिल्मनबाईंच्या ते जिवावर आलं होतं. मदत घेणाऱ्या बायकांबद्दल लोक काय बोलतात, ते त्यांनी ऐकलेलं होतं.

मदतीबरोबर चौकशाही दारात आल्या. घरात काय सामान आहे, पैसे कुठे जातात, सगळ्याचा हिशेब. कित्येक ठिकाणी अपरात्री दार वाजायचं. घरात पुरुष सापडला की मदत बंद. हा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये, अलाबामातल्या एका आईच्या खटल्यात मोडीत काढला.

या बायकांना ऐतखाऊ म्हटलं गेलं. पण 1935च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने म्हातारपणाच्या पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामगारांना वगळलं होतं. कृष्णवर्णीय बायका बहुतांशी याच दोन कामांत होत्या. 1943 मध्ये लुइझियानाने नियम केला: शेतात मजुरांची गरज असेल, तोवर काम करू शकणाऱ्या आईला मदत नाही. मला या नियमाचा राग येतो. वेचणीला स्वस्त हात मिळावेत, एवढ्यासाठी तो होता.

(लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली निकरसन गार्डन्स वसाहत.)

आजारपणाच्याच वर्षी, 1963 मध्ये, टिल्मनबाईंनी या वसाहतीतल्या आयांना गोळा करून संघटना उभी केली. त्यांना हवं होतं रास्त मजुरीचं काम, त्यासाठी प्रशिक्षण, आणि मुलांसाठी पाळणाघर. मागण्या नीट ऐका. स्वावलंबनाची भाषा इथे या आयाच बोलत होत्या. अडचण अशी, की कमाई सुरू झाली की बहुतेक तेवढीच मदत कापली जायची.

1968चा फेब्रुवारी, शिकागो. मार्टिन ल्यूथर किंग गरिबांच्या मोर्चासाठी पाठिंबा मागायला आले होते. टिल्मनबाई तोवर सरकारी मदत घेणाऱ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या होत्या. बायकांनी विचारलं, मदतीच्या नव्या कायद्याबद्दल तुमची भूमिका काय? किंग गोंधळले. माहीत नसेल तर तसं सांगा, म्हणजे बैठक पुढे नेता येईल, असं टिल्मनबाई त्यांना म्हणाल्या. किंग यांनी मान्य केलं: आम्हाला यातलं काही ठाऊक नाही, आम्ही शिकायला आलोय. मला हा क्षण फार मोठा वाटतो. कायद्याची कलमं पाठ असलेली ही बाई काही वर्षांपूर्वी शर्टांना इस्त्री करत होती.

1975 मध्ये पैशाअभावी राष्ट्रीय संघटना बंद पडली. पुढच्याच वर्षी रोनाल्ड रेगन प्रचारसभांतून शिकागोतल्या एका लबाड लाभार्थी बाईची गोष्ट सांगत फिरले, आणि ती एक बाई सगळ्या आयांच्या कपाळी चिकटली.

टिल्मनबाई 1995 मध्ये वारल्या. 22 ऑगस्ट 1996 रोजी बिल क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात पाच वर्षंच मदत, आणि कामावर जाणं सक्तीचं. मदत घेत कामाला जाणाऱ्या आईला 1988च्या कायद्याने पाळणाघराची हमी दिली होती. नव्या कायद्यात ती हमी काढून टाकली.