चौकटवाला गांधी

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी वारली चित्र आहे. निदान चहाच्या मगावर तरी असेलच! पण ते भिंतीवरून कागदावर आणि डहाणूच्या पाड्यातून शहराच्या दिवाणखान्यात आलं कसं? सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार वारली पाड्यांमधून हिंडला. तिथे त्याला जिव्या सोमा म्हसे भेटले. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीसाठी भिंतीवर काढायचं चित्र, काढायचा तो बायकांनी, अशी रीत. हा पुरुष मात्र रोज काढत बसायचा. १९७५ साली जिव्यांची चित्रं मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर, केमोल्ड गॅलरीत लागली. आज मला बोलायचंय ते या गॅलरीच्या मालकांविषयी.

केकू गांधी मूळचे फ्रेमवाले. १९४१ साली एका बेल्जियन गृहस्थाच्या ओळखीतून चौकटींच्या पट्ट्यांचा धंदा सुरू झाला आणि त्याचं नाव पडलं केमोल्ड. तेव्हाच्या मुंबईत नव्या चित्रकाराला चित्र टांगायला जागा नव्हती. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली ती १९५२ साली. मग केकू काय करायचे, तर प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानाच्या काचेमागे रिकाम्या चौकटींऐवजी आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं लावायचे. रस्त्यावरून जाणारा माणूस चौकट बघायला थांबायचा आणि चित्र बघून जायचा. मला तर ती मुंबईतली पहिली खरी मॉडर्न गॅलरी वाटते. इतिहासकारांना हे पटेल न पटेल.

१९६३मध्ये रीतसर गॅलरी सुरू झाली. त्याच वर्षी फोर्टात काली पंडोल यांनीही आपली गॅलरी काढली. केमोल्डचं श्रेय आपण केकूंना देऊन मोकळे होतो, पण गॅलरीचा रोजचा कारभार पाहिला तो त्यांच्या पत्नी खोरशेद यांनी. चित्रकाराशी बोलणं, गिऱ्हाईकाला पुन्हा पुन्हा चित्रासमोर उभं करणं, उधारी सांभाळणं ही कामं कुठल्या कॅटलॉगमध्ये छापत नाहीत. त्यात चित्रं फारशी खपायचीही नाहीत. गॅलरीला आधार होता तो फ्रेमच्या धंद्याचा.

लोक मला विचारतात, गॅलरीवाले एवढं कमिशन का घेतात? आज तिसरा हिस्सा, कधी निम्माही घेतात. काही जण नुसतेच घेतात, हेही खरं. पण लिलावाचे आकडे बघा. २००२ साली तैयब मेहतांचं एक चित्र दीड कोटीला गेलं आणि सगळ्यांचे डोळे विस्फारले. नागपूरला जन्मलेल्या आपल्या वासुदेव गायतोंड्यांचं चित्र २०१५ साली एकोणतीस कोटींवर पोचलं. तेव्हा त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. लिलावाचा पैसा जातो विकणाऱ्याच्या खिशात. चित्रकार हयात असताना, कोणी विचारत नसताना, त्याला भिंत आणि चार पैसे देतो तो गॅलरीवाला.

केकूंना २००९ साली पद्मश्री मिळाली, २०१२मध्ये ते गेले. गॅलरी आता त्यांची मुलगी शिरीन चालवते. २००७पासून गॅलरी फोर्टात प्रेस्कॉट रोडला आहे, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या भारतवारीत साड्यांच्या खरेदीतून तासभर काढून जरूर जा. तिकीट नाही. आवडलेल्या चित्राची किंमत विचारायला संकोच करू नका. न विचारताच आपण ठरवून टाकतो की हे आपल्यासाठी नाही. तरुण चित्रकाराचं कागदावरचं लहान काम अनेकदा आपल्या फोनपेक्षा स्वस्त पडतं.

आणि आपल्या मंडळाची कार्यकारिणी समोरच बसली आहे म्हणून सांगून टाकतो: दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी चित्र मागवाल, तेव्हा मानधनाचा आकडा पहिल्याच पत्रात लिहा.