उंबऱ्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत: रोजच्या प्रवासाचा हिशेब

श्रोतेहो, कोल्हापुरात कोणालाही "कागल एमआयडीसीला जायला किती वेळ लागतो?" असे विचारले, तर "अर्धा-पाऊण तास" असे उत्तर येते, आणि खर्च विचारला तर पेट्रोलचा आकडा सांगितला जातो. ही दोन्ही उत्तरे प्रामाणिक असतात, तरी त्यांच्या भरवशावर माणसे नोकरी पत्करतात, भाड्याचे घर बदलतात, कर्ज काढून दुचाकी घेतात, आणि मग महिनाअखेरीला पगार कुठे गेला आणि संध्याकाळ कुठे गेली, याचा मेळ लागत नाही. मी आयुष्यभर सांख्यिकी शिकवली. रोजच्या प्रवासाचा अंदाज हा माणसाच्या जगण्याशी थेट भिडणारा सांख्यिकीचा प्रश्न आहे, असे मला मनापासून वाटते, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी फुलेवाडीत राहते आणि कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत काम करते. नोकरी लागल्यावर ती भेटायला आली, तेव्हा तिला मी एक शंभरपानी वही दिली आणि तीन वेळा लिहायला सांगितल्या: घराला कुलूप लावले ती, उजळाईवाडीपाशी महामार्गाला लागली ती, आणि गेटवर पंचिंग केले ती. मोबाईलवरचा नकाशा रस्त्यावरचा वेळ सांगतो. पण गाडी बोळातून बाहेर काढणे, पंपावरची रांग, स्टँडवर गाडी लावून गेटपर्यंत चालत जाणे, हा सगळा वेळ आपल्याच आयुष्यातला असतो आणि तो त्या नकाशात नसतो.

वहीतला एक आठवडा मी आजही वर्गात सांगावा तसा सांगतो. पाच दिवसांची मिनिटे होती 48, 51, 49, 74 आणि 50. सरासरी येते 54. पण 54 मिनिटे लागलेला दिवस त्या आठवड्यात एकही नाही. चौथ्या दिवशी गळीत हंगामातला, दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर वळणावर अडकला होता आणि त्याच्यामागे सगळी रांग थांबली होती. सरासरी धरून घर सोडले, तर अशा दिवशी लेट मार्क ठरलेला, आणि उरलेल्या दिवशी तीन-सहा मिनिटे आधी पोहोचल्याचे श्रेय कोणी देत नाही. म्हणून महिनाभराच्या 26 नोंदी लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडाव्यात आणि चोविसावी नोंद पाहावी. दहातले नऊ दिवस वेळेवर पोहोचवणारा आकडा तो. तिच्या वहीत तो 63 निघाला. घड्याळ लावायचे ते 63 मिनिटांचे, आणि महिन्याचा वेळ किती गेला हे मोजायचे ते 54 मिनिटांनी. एकाच प्रवासाची ही दोन उत्तरे दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की अंदाज फसतो.

बसने जाणाऱ्यांचा अंदाज आणखी एका ठिकाणी चुकतो. दर वीस मिनिटांनी केएमटी (महापालिकेची शहर बस) आहे, म्हणजे सरासरी दहा मिनिटे थांबावे लागेल, असे आपण धरतो. गाड्या काटेकोर अंतराने आल्या तर ते खरे आहे. पण गर्दीमुळे पुढची गाडी रेंगाळते, मागची तिला गाठते, आणि मग एक अंतर पाच मिनिटांचे, तर दुसरे पस्तीस मिनिटांचे होते. सरासरी अंतर वीसच राहिले, परंतु चाळीस मिनिटांतली पस्तीस त्या मोठ्या अंतराची असल्यामुळे थांब्यावर येणाऱ्या आठांपैकी सात जण त्याच्यातच सापडतात, आणि सरासरी ताटकळणे साडेपंधरा मिनिटांवर जाते. "मी आलो की नेहमी बस नुकतीच गेलेली असते," ही तक्रार नशिबाची नाही, गणिताची आहे.

आता पैशाकडे येऊ. तिचे अंतर एका बाजूने 24 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,248 किलोमीटर. लिटरला 45 किलोमीटर आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर सुमारे 2,900 रुपये होतात. बहुतेकांचा हिशेब इथे संपतो. ऑइल, टायर, चेन आणि ब्रेक यांचे किलोमीटरला 60 पैसे धरले, तर आणखी 750. नव्वद हजारांची गाडी पाच वर्षांनी पस्तीस हजारांना गेली, तर घसारा महिन्याला 900 च्या पुढे जातो, आणि विमा साधारण दीडशे. सगळे मिळून 4,700. पेट्रोलचा खर्च दिसतो, कारण तो पंपावर रोख द्यावा लागतो. घसारा गाडी विकेपर्यंत गप्प असतो.

एस.टी.चा हिशेबही डोळसपणे करावा. मासिक पासाला 20 दिवसांचे भाडे भरून 30 दिवस फिरता येते. आठवड्याला एक सुट्टी असणाऱ्या पुरुषाला तो फायद्याचा, पण दोन सुट्ट्या आणि अधूनमधून रजा असेल, तर बचत फारशी उरत नाही. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. 26 दिवस रोज अर्धे तिकीट काढले, तर 13 दिवसांचेच पूर्ण भाडे होते, म्हणजे 20 दिवसांच्या पासापेक्षा कमी. कागल स्टँडपासून कारखान्यापर्यंतच्या वडापचे, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या जीप-रिक्षाचे, पैसे मात्र त्याच्यात मिळवायला विसरू नये.

वेळ आणि पैसा एकत्र आणल्यावर काय दिसते, ते पाहा. पगार 18,000, कामाचे तास 208, म्हणजे तासाला साडेशहाऐंशी रुपये. प्रवासाचे 47 तास मिळवून आणि 4,700 रुपये वजा करून पाहिले, तर 255 तासांना 13,300, म्हणजे तासाला 52. घराजवळ, पंधरा मिनिटे चालत जाण्याच्या अंतरावर, 15,000 ची नोकरी असेल तर तिचा दर तासाला 68 पडतो. तिला हे मांडून दाखवले तेव्हा ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. तिने कागलची नोकरी सोडली नाही; तिथे शिकायला मिळत होते आणि ते या आकड्यांत बसत नाही. मात्र तिने पहिली पाळी मागून घेतली. शाळांच्या रिक्षा रस्त्यावर येण्याआधी शहर ओलांडता येऊ लागले आणि चोविसावी नोंद 63 वरून 46 वर आली.

शेवटी पावसाळ्याविषयी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आले आणि वाहतूक बंद पडली. असे दिवस सरासरीत मिसळले, तर सरासरीही बिघडते आणि पुराची तयारीही होत नाही. शिरोली, हातकणंगले किंवा इचलकरंजीकडे जाणाऱ्यांनी वहीच्या मागच्या बाजूला त्यांची वेगळी पाने करावीत: पाणी किती फूट, कोणता रस्ता चालू, घरी परतायला किती वाजले. वही एका महिन्यात पुरी होत नाही. एक महिना गळीत हंगामातला आणि एक महिना जुलै-ऑगस्टचा असे दोन महिने लिहावे लागतात.