फासा कुठे गेला?

हा पुठ्ठ्याचा छोटासा चौकोन बघा, जेमतेम अर्ध्या इंचाचा. खाली दोन आकडे, डावीकडचा ताकदीचा, उजवीकडचा चालीचा, बस्स. अख्खी रेजिमेंट दोन आकड्यांत मावली. ॲव्हलॉन हिल कंपनीचा 'आफ्रिका कोर' हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्डगेम 1964 चा, लिबिया-इजिप्तचं वाळवंट, षटकोनी घरं, एक टर्न म्हणजे अर्धा महिना, एप्रिल 1941 ते ऑक्टोबर 1942, एकूण 38 टर्न.

आता हाच गेम आपल्याला कॉम्प्युटरवर सिनॅरिओ म्हणून उभा करायचाय, आणि त्यासाठी घेतलाय नॉर्म कोगरचा 1998 चा कॉम्प्युटर गेम 'ऑपरेशनल आर्ट ऑफ वॉर', कारण त्यात एडिटर आहे, म्हणजे आपले नकाशे आणि लढाया आपणच बनवायची सोय. नकाशा काढणं कंटाळवाणं काम, पण सोपं. पहिली ठेच लागते कॅलेंडरला. या कॉम्प्युटर गेमच्या मूळ व्हर्जनमध्ये सगळ्यात मोठी टर्न एका आठवड्याची, त्यामुळे आपल्या 38 टर्न एकदम ऐंशीच्या वर जातात, आणि मग चाल, कुमक, सगळ्याचाच हिशोब नव्याने मांडावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे गणित. बोर्डवर समोरच्याची ताकद 4 आणि तुमची 11 असेल तर तो हल्ला पावणेतीनास एक नाही, दोनास एकच धरतात, उरलेलं बचाव करणाऱ्याच्या पदरात. म्हणून लोक एका पॉइंटसाठी लांबून एखादं फालतू युनिट ओढून आणायचे, 12 झाले की तीनास एक! खरी मजा तिथेच होती असं मला तरी वाटतं. कॉम्प्युटरला हे जमत नाही असं नाही, त्याला त्याची गरजच नाही, तो रणगाडे आणि तुकड्या मोजून मागच्या मागे हिशोब करतो, मग एक पॉइंट कमी पडला म्हणून कोणी हळहळणार कसं?

पण माझं डोकं खाल्लं ते सप्लायने, म्हणजे रसदीने. बोर्डवर सप्लाय ही चक्क एक सोंगटी आहे. जर्मन खेळाडूने फासा टाकायचा, वाईट आकडा पडला की जहाज बुडालं, आणि जे पोचलं ते हल्ल्याच्या वेळी जवळ लागतं, हल्ला झाला की संपतं. वर शत्रू ती सोंगटी पळवूही शकतो! कॉम्प्युटरवर मात्र सप्लाय बंदरातून रस्त्याने आपोआप वाहत येतो, पळवायला हातात काही सापडतच नाही.

मग जुगाड केला. एडिटरमध्ये इव्हेंट, म्हणजे खेळात आपोआप घडणाऱ्या घटना, लावता येतात, प्रत्येकीला ती घडण्याच्या शक्यतेची टक्केवारी देता येते. जहाज बुडालं की सप्लायची पातळी खाली, पोचलं की वर. कागदावर अगदी फिट्ट.

पहिल्या टेस्टला सलग तीन टर्न जहाजं बुडाली. टेबलावर असतो तर फाशाला चार शिव्या घालून पुढे गेलो असतो, तो समोर गडगडताना दिसलेला असतो ना. इथे मी खेळ थांबवला, एडिटर उघडला आणि टक्केवारी तपासली, माझीच, मीच टाकलेली. बरोबर होती. तरी दोनदा बघितली.