रीळ उघडताना: जुन्या नटांचा अभिनय आणि त्याची प्रत

[दृश्य: गंजलेला पत्र्याचा डबा. झाकणाच्या कडेने बोथट पट्टी फिरते. झाकण सुटतं.]

झाकण निघालं की पहिलं काम वास घेण्याचं. तेही नाक डब्यात न घालता, हाताने हवा थोडी स्वतःकडे घेऊन. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फीत अ‍ॅसिटेटची, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या ‘सेफ्टी’ प्रकारची आहे आणि कुजायला लागली आहे. उग्र, घसा धरणारा वास आला, आत तांबूस भुकटी दिसली, तर नायट्रेट, म्हणजे चटकन पेटणारी जुनी फीत. 1930 आणि 1940च्या दशकांतले आपले बोलपट नायट्रेटवरच चित्रित झाले आणि नायट्रेटवरच थिएटरांत पोहोचले.

जुन्या नटांचा अभिनय नाटकी वाटतो, असं आज सर्रास ऐकू येतं. हा निकाल बहुतेक वेळा खराब प्रत बघून दिलेला असतो. वेग चुकलेला, चौकट कापलेली, चेहरा पांढराफटक, आवाज डब्यातून आल्यासारखा. प्रत कुठे बिघडते आणि किती सुधारता येते, ते या टेबलावर दिसेल.

[दृश्य: लाइट टेबल. दोन रिवाइंडर. हातमोजे घातलेली बोटं फितीच्या फक्त कडांना धरतात.]

रीळ थंड कोठारातून आणून लगेच उघडत नाहीत. डबा बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ देतात, बहुधा रात्रभर. घाई केली तर थंड फितीवर दव धरतं, चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि वेटोळी एकमेकांना चिकटतात.

मग फीत हाताने, सावकाश पुढे न्यायची. कडेला नायट्रेट किंवा सेफ्टी असं छापलेलं असतं, पण त्या अक्षरांवर एकट्यावर भिस्त ठेवता येत नाही. प्रिंट काढताना निगेटिव्हच्या कडेची अक्षरंही कधी कधी नव्या फितीवर उतरतात. सेफ्टीच्या फितीवर नायट्रेट वाचायला मिळतं ते यामुळे.

नायट्रेटचा ऱ्हास ठरावीक क्रमाने होतो. आधी चित्र पिवळट पडून फिकं होतं. मग थर चिकट होतो. मग फुगे येतात, फेस धरतो. पुढे अख्खं रीळ एकजीव होऊन घट्ट गोळा बनतं आणि शेवटी त्याची भुकटी होते. पहिल्या दोन अवस्थांत बरंच काही वाचवता येतं. तिसरीत फक्त तुकडे. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पाण्यात बुडवलं तरी जळत राहतं. कुजलेलं रीळ साधारण 40 अंश सेल्सिअसच्या पुढे फार काळ राहिलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

[दृश्य: फीत ताणून पट्टीवर ठेवलेली. भिंगाखाली छिद्रं.]

आता आकसण्याचं मोजमाप. 35 मिमी फितीवर एका फ्रेमच्या प्रत्येक बाजूला चार छिद्रं असतात. नव्या प्रिंटमध्ये शंभर छिद्रांचं अंतर 475 मिलिमीटर भरतं. इथे पट्टीवर 470च्या आसपास दिसतंय, म्हणजे फीत एक टक्का आकसली आहे. एवढ्यावर प्रोजेक्टरचे दाते छिद्रांत नीट बसत नाहीत, छिद्रं फाटायला लागतात. ही प्रत आता पडद्यावर चालवायची नाही. तिला स्कॅनरच, आणि तोही दात्यांऐवजी गुळगुळीत रोलरवर फीत नेणारा.

जुने जोड सगळ्यात जास्त वेळ खातात. हा जोड बघा. दोन टोकं एकमेकांवर चढवून सिमेंटने चिकटवलेली, कधी काळी एखाद्या थिएटरच्या केबिनमध्ये, खेळ सुरू असताना. सिमेंट सुकलंय, कड उचकटलीय. हा जोड सोडवायचा, वरच्या टोकावरचं जुनं सिमेंट खरवडायचं, खालच्या टोकावरचा जिलेटिनचा थर अगदी काठोकाठ काढायचा, पुन्हा सिमेंट लावून दाब द्यायचा. थर थोडाही राहिला तर जोड धरत नाही. जास्त खरवडलं तर फीतच पातळ होऊन पुढच्या वेळी तिथेच तुटते.

[दृश्य: तुटलेल्या जागेचा क्लोज-अप. चित्राच्या डाव्या कडेला नागमोडी ध्वनिपट्टी.]

फीत तुटली की केबिनमध्ये दोन्हीकडची फाटकी टोकं कापून टाकत. एका वेळी समजा बारा फ्रेम गेल्या. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. पण 35 मिमी प्रिंटवर आवाज त्याच्या चित्राच्या 20 फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग चित्राच्या खिडकीच्या खाली असतो. त्यामुळे या जागी ओठांची हालचाल गेली, पण शब्द गेला तो सुमारे पाऊण सेकंद नंतरचा. नट वाक्याच्या मध्येच दचकल्यासारखा दिसतो आणि लगेच पुढे एक अक्षर गिळतो. बघणाऱ्याला वाटतं, संवादफेक कच्ची आहे. हे दोन्ही दोष कात्रीचे.

[दृश्य: स्कॅनर. द्रवातून जाणारी फीत. पडद्यावर एक ओरखडा आणि मग तोच भाग ओरखड्याशिवाय.]

स्कॅनिंगच्या आधी धुणं. मग या खिडकीत फीत द्रवात बुडालेली असतानाच तिचं चित्र टिपलं जातं. द्रव प्रकाशाला जवळजवळ फितीच्या पायाइतकाच, म्हणजे चित्राचा थर ज्यावर बसतो त्या पारदर्शक पट्टीइतकाच वाकवतो, त्यामुळे पायावरचे ओरखडे भरून निघतात आणि दिसतच नाहीत. चित्राच्या थरावरचे ओरखडे मात्र जात नाहीत. तिथली चित्र घडवणारी चांदीच निघून गेलेली असते. दमट हवेतली बुरशीही तशीच, जिलेटिन खाऊन पिसासारखी नक्षी सोडून जाते. ते डाग संगणकावर शेजारच्या फ्रेममधून उसने घेऊन भरावे लागतात आणि इथे हात जपून चालवायचा असतो. स्वयंचलित सफाई जोरात लावली तर पापणीची उघडझाप, नथीची चमक, उडणारी बट, सगळं धूळ समजून पुसलं जातं.

दोन तासांचा बोलपट म्हणजे 10,800 फूट फीत आणि 1,72,800 फ्रेम. फोर-के स्कॅनमध्ये एक फ्रेम सुमारे 50 एमबी, म्हणजे एका चित्रपटाला आठ टीबीहून जास्त जागा. त्याच्या किमान दोन प्रती, दोन वेगवेगळ्या ठिकाणी.

[दृश्य: मूकपटाचा तुकडा, आधी सेकंदाला 24 फ्रेम, मग 16.]

आता वेग. मूकपट हाताने हँडल फिरवून चित्रित होत, साधारण 16 ते 20 फ्रेमच्या वेगाने. तोच 24ने चालवला की सोळाचा माणूस दीडपट पळतो. आयुष्यभर जे मूकपट लोकांनी तुरुतुरु चालताना बघितले, त्यातली बहुतेक माणसं मुळात संथ चालत होती. डावीकडे तोच नमस्कार चुकीच्या वेगात, उजवीकडे बरोबर वेगात. उजवीकडे मान झुकताना नजर आधी खाली जाते. डावीकडे हे कळायच्या आत संपतं.

ओठ इतके काळे का? त्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल ओठ काळे येत, निळं आकाश पांढरं येत असे. म्हणून चेहऱ्याला जाड रंग. अण्णा साळुंके यांनी 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती केली आणि 1917च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही, ते असल्या रंगाच्या थराखालून. भुवई आणि बोटं यांवर एवढा भार का पडला, ते इथे उघड होतं.

1920च्या दशकाच्या अखेरीस सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि चेहऱ्याचे मधले करडे टप्पे मिळायला लागले.

[दृश्य: ‘अयोध्येचा राजा’मधली गाण्याची जागा.]

1932. कोल्हापूर, प्रभात फिल्म कंपनी. पुन्हा तारामती, आणि या वेळी दुर्गा खोटे. समोर हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे, नामांकित हार्मोनियमवादक, या चित्रपटाचे संगीतकारही तेच. पार्श्वगायनाची पद्धत अजून यायची होती, ती 1935च्या सुमारास कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समधून आली. इथे जो दिसतो तोच गातोय, त्याच क्षणी, सेटवर. वाजवणारे चौकटीबाहेर.

त्या वेळचे माईक कमी संवेदनशील. नट माईकच्या टप्प्यातून हलला की आवाज पडतो. म्हणून गाताना खांदे स्थिर, मान एका बाजूला. मूकपटांच्या काळातले कार्बन आर्क दिवे गुणगुणतात, तो आवाज माईकमध्ये शिरतो, म्हणून बोलपटांनी तारेचे मोठे बल्ब आणले आणि सेटवर उकाडा वाढला. कॅमेराही खडखडतो, म्हणून त्याला जाड आवरण. त्या आवरणासकट तो सहजी हलत नाही. हे सगळं माहीत नसलं की ही मांडणी ताठर वाटते. माहीत असलं की इतक्या कमी जागेत दुर्गाबाई काय काय करतात, त्याकडे लक्ष जातं.

[दृश्य: तीच फ्रेम, आधी पूर्ण, मग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेली.]

चौकटीचं प्रमाण हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त होणारा घोटाळा. 1930च्या दशकातल्या बोलपटाची चौकट जवळपास चौकोनी, 1.37 ला 1. आजचा टीव्ही 1.78 ला 1. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून कोणीतरी चित्र मोठं करतं आणि उंचीतला 23 टक्के भाग उडतो. दुसरा मार्ग त्याहून वाईट, चित्र आडवं ताणायचं. मग प्रत्येक चेहरा सुजलेला.

‘संत तुकाराम’, 1936, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. आजारी मुलाला ओढत जिजाई देवळात येते, हातात वहाण घेऊन, थेट पांडुरंगाला जाब विचारायला. जिजाई झालेल्या गौरी या नटीला नाटकाची तालीम नव्हती. हे काम सगळं हात, कंबर आणि पावलांत आहे. वरून-खालून कापलेल्या प्रतीत नेमकं तेच जातं, आणि उरतो तो फक्त ओरडणारा चेहरा. समोर तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, गाणारे. देहाची ठेवण मऊ, आवाज कुठेही चढवत नाहीत. या दोघांचे दोन सूर एकाच चौकटीत ठेवणं, यात दिग्दर्शकांचं मोठेपण आहे, आणि त्यासाठी ती चौकट अख्खी लागते.

[दृश्य: ‘कुंकू’. ध्वनीच्या आलेखासह.]

आवाजाची सफाई हा शेवटचा टप्पा आणि इथेच हात सर्वाधिक सैल सुटतो. ध्वनिपट्टीवरची खरखर कमी करणारं सॉफ्टवेअर सतत चालणारा, उंच पट्टीतला आवाज शोधून दाबतं. त्याच पट्टीत ‘स’ आणि ‘श’ असतात, वाक्याआधी घेतलेला श्वास असतो. 1937च्या ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत नाही. व्ही. शांताराम यांनी घरातले, आजूबाजूचे आवाजच वापरले. त्यामुळे दोन वाक्यांमधली शांतता हीसुद्धा रेकॉर्ड झालेली आहे. ती पूर्ण पुसली की शांता आपटे आणि केशवराव दाते पोकळीत बोलतायत असं वाटतं.

आधी पहिली प्रत, खरखरीसकट. मग दुसरी, खरखर थोडी उतरवलेली. मग तिसरी, पूर्ण साफ.

तिसऱ्या प्रतीत दात्यांनी उभा केलेला म्हातारा नवरा सपाट झालाय. पहिल्या दोन्हींत वाक्य सुरू होण्याआधीचा त्याचा उसासा ऐकू येतो. हे तेच दाते, ज्यांनी 1933 साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’तून रंगमंचावर साधं बोलणं आणलं. त्यांच्या कामाला नाटकी म्हणण्याआधी दुसरी प्रत ऐकावी. त्याची तरुण बायको झालेल्या शांताबाई तर आवाज न चढवता घरातला नकार उभा करतात, आणि त्याचं निम्मं काम थांबण्याच्या लांबीत आहे.

[दृश्य: रिकामे रॅक. जळकी भिंत. गंजलेल्या डब्यांचा ढीग.]

सुमारे तेराशे भारतीय मूकपटांपैकी आज मोजके उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. 1931चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ सापडत नाही. अनेक रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली.

[दृश्य: डब्यांवरची हस्तलिखित लेबलं, एकामागून एक.]

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे गावोगावचे वितरक, निर्मात्यांचे वारस, बंद पडलेली थिएटरं यांच्याकडून डबे मिळवले. अजूनही डबे घरांत आहेत, माळ्यावर, गोदामात, पत्र्याखाली.

तुमच्याकडे असा डबा निघाला तर तो प्रोजेक्टरवर चढवू नका. बंद खोलीत उघडू नका, जवळ दिवा किंवा सिगारेट नको. आंबट वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, कारण सुटलेलं आम्ल शेजारच्या रिळांनाही लागतं. फीत चिकटली असेल तर ओढू नका. लेबल, आतली चिठ्ठी, सेन्सॉरचा कागद यांतलं काही फेकू नका. अर्धवट नाव आणि रिळाचा क्रमांक एवढ्यावरूनही चित्रपट ओळखता येतो. डबा सावलीत, कोरड्या जागी आडवा ठेवा, लेबलचा फोटो काढा आणि तो संग्रहालयाला पाठवा. एकच रीळ आहे म्हणून थांबू नका. दुसऱ्या गावाहून आलेल्या प्रतीत जी अकरा मिनिटं गेलेली असतात, ती तुमच्या डब्यात असू शकतात.